गळती मिळण्याबाबत

शेवटी उताराच्या गल्लीतलं पाणी गेलं ते गेलंच, ताईने सख्ख्या भावाच्या पाठीमागे लोखंडी बादली आपटली आणि पाणी विभागाचा सर्वांत तिखट कान ठार बहिरा निघाला.

पण हे झालेलं नाही. पाणी विभागाच्या दप्तरात या प्रकाराची नोंद नाही, आणि ज्याची नोंद नाही ते घडत नाही, हा त्या विभागाचा पहिला नियम. तेव्हा आपणही वरचं वाक्य वाचलंच नाही असं धरून चालू आणि मुळापासून सुरुवात करू. त्या वेळी गल्लीला पाणी होतं, बादली जागेवर होती आणि कानवाल्याचे दोन्ही कान शाबूत आहेत अशी सगळ्या शहराची समजूत होती.

कानवाला म्हणजे गळती ऐकणारा माणूस. रस्त्याखालचा पाईप फुटला की पाणी बारीक सुसकारत बाहेर पडतं. वर रस्ता कोरडा ठणठणीत. पाणी खालच्या खाली एखाद्या गटाराशी सूत जुळवून पसार होतं. अशा वेळी कानवाल्याला बोलावणं जायचं. त्याच्याकडे छातीइतकी उंच लोखंडी कांडी होती, वरच्या टोकाला लाकडी वाटी. सकाळी रहदारी सुरू व्हायच्या आत कांडी रस्त्यावर टेकवायची, वाटीला कान लावायचा, डोळे मिटायचे. भोवतीचे लोक श्वास रोखून उभे. मग कानवाला डोळे उघडायचा, पायाने जमिनीवर फुली मारायचा आणि म्हणायचा, "इथे."

की लगेच कुदळ्या खणायला घ्यायचा. कुदळ्या हा विभागाचा खणणारा. त्याचं खरं नाव पगारपत्रकावर होतं आणि तिथेच सुखात होतं.

ही कांडी कानवाल्याला वडिलांकडून मिळालेली. वडिलांचा कान असा, की शेजारच्या घरात कुणी रडू आवरलं तरी त्यांना ऐकू यायचं. स्वतःच्या घरातलं मात्र यायचं नाही, पण तो धंद्याचा दोष. आई लवकर गेली, वडील दिवसभर जमिनीला कान लावून. मग पोराला न्हाऊमाखू घालणं, शाळेत ढकलणं, मार देणं आणि मार दिल्यावर जवळ घेणं, हे सगळं ताईच्या वाट्याला आलं. ताई त्याच्याहून बरीच मोठी. आता तिचं उताराच्या गल्लीत धुलाईचं दुकान होतं. स्टेशनजवळच्या लॉजच्या चादरी तिच्याकडे यायच्या. दगडी टाक्या, उकळत्या पाण्याचं भांडं, मागच्या अंगणात दोऱ्याच दोऱ्या, आणि ताईचे कोपरापर्यंत लाल झालेले हात. नळ सोडला की दुकान चालू, नळ बंद की दुकान बंद, इतका साधा हिशोब. कानवाला राहायचा विभागाच्या खोलीत, पण दुपारचं जेवण रोज ताईकडे.

"माझ्या भावाला जमिनीच्या पोटातलं ऐकू येतं," ती गिऱ्हाइकांना सांगायची. "फक्त मी काम सांगितलं की येत नाही."

लोक हसायचे. ताईही हसायची. पुढे हे खरं व्हायला लागलं तेव्हाही ती हसतच होती.

त्याचं असं झालं. एका सकाळी कानवाल्याने कांडी टेकवली, डोळे मिटले आणि वाट पाहिली. काहीच नाही. पाईप धड आहे, त्याला वाटलं. पण डांबराला भेग होती, भेगेतून पाणी वर येत होतं आणि त्याची चप्पल भिजत होती. चपलेला कळलं ते कानाला कळलं नव्हतं.

नोकरदार माणूस अशा वेळी जे करतो तेच त्याने केलं. कुणाला कळू द्यायचं नाही असं ठरवलं. ज्याचा कानच पोटापाण्याचा, त्याने बहिरं होणं म्हणजे न्हाव्याने हात कापून घेण्यासारखं. नोकरी जाईल, खोली जाईल, आणि ताई गिऱ्हाइकांना काय सांगेल?

दुसऱ्या दिवशी त्याने वाटीला कान लावला, भरपूर वेळ डोळे मिटून ठेवले आणि अंदाजपंचे म्हणाला, "इथे." कुदळ्याने खणलं. पाणी. पुढच्या दिवशी पुन्हा अंदाज, पुन्हा पाणी. मग त्याने मुद्दाम वेड्यासारखी जागा दाखवली, एका झाडाच्या बुंध्याला खेटून, जिथे शहाणा माणूस पाईप टाकणार नाही. विभागाने टाकला होता. पाणी कुदळ्याच्या गुडघ्यापर्यंत आलं.

बहिरेपणाचा धक्का कानवाल्याने पचवला होता. न पचणारा धक्का हा होता, की बहिरेपणाने काहीही फरक पडत नव्हता. या शहराच्या पोटात बोट ठेवाल तिथे गळत होतं. ऐकू येत होतं तेव्हा तो चार जागा तपासायचा, घुटमळायचा, कधी कधी चुकायचा. आता घुटमळणं संपलं आणि चुकणंही. विभागाने त्याला अचूक कामगिरीबद्दल भिंतीवरचं घड्याळ दिलं.

"टिकटिक जरा मोठी आहे त्याची," साहेब देताना म्हणाले.

कानवाल्याने ते उशाशी टांगलं आणि गाढ झोपला.

ठार बहिरा असं नाही म्हणा. समोर उभं राहून कुणी बोललं तर अर्धं ओठांवरून आणि उरलेलं सवयीने समजायचं. पाठीमागून बोललेलं मात्र गेलं ते गेलंच. कचेरीत त्याने तीन उत्तरं पाठ करून ठेवली होती: "हो", "बघतो" आणि "खाली ओल आहे". कोणत्याही प्रश्नाला ही आलटून पालटून चालायची. कुणाला संशय आला नाही, कारण ज्यांना ऐकू येत होतं तेही हीच उत्तरं द्यायचे.

आता पाण्याच्या बिलाबद्दल दोन शब्द, कारण पुढचा सगळा घोळ त्यातच आहे. बिलात दोन ओळी असत. पहिली पाणीपट्टी: मीटरप्रमाणे वापरलेल्या पाण्याचे पैसे. दुसरी गळती आकार. ताईने एकदा जेवताना ते बिल त्याच्या ताटाशेजारी ठेवलं.

"हे गळती आकार म्हणजे काय रे?"

"जे पाणी कुणालाच मिळालं नाही, त्याचे पैसे."

"मग ते मी का भरू?"

"कारण ते तुला मिळालं नाही."

ताईने घास हातात धरून विचार केला. "आणि मिळालं असतं तर?"

"तर पाणीपट्टी लागली असती."

"वा रे तुमचा विभाग! चीतही तुमचं आणि पटही तुमचं." मग तिने बिल उलटसुलट करून पाहिलं. "तुझा पगार यातनंच निघतो ना?"

"हो." हे पाठ केलेलं नव्हतं, खरंच होतं.

"मग भरते बाबा," ताई म्हणाली आणि त्याला वाढायला उठली. म्हणजे गळती होती म्हणून गळती आकार होता, गळती आकार होता म्हणून कानवाला होता, आणि कानवाला होता म्हणून गळती सापडत होती. इतकं घट्ट बसलेलं यंत्र शहरात दुसरं नव्हतं. ते गळत नव्हतं.

आणि मग इंजिनीअरबाई आल्या.

त्या नव्या होत्या, तरुण होत्या आणि त्यांना काम करायचं होतं. म्हणजे एकंदरीत विभागावर संकटच. त्यांनी वरून मोठा निधी आणायचं ठरवलं. निधीची अट एकच: शहराचा एक भाग निवडा, त्याच्या तोंडाशी मोठं मीटर बसवा, आत गेलेलं पाणी आणि घराघरांच्या मीटरवरचं पाणी यांचा मेळ लावून दाखवा. मेळ बसला की तो भाग गळतीमुक्त. भाग गळतीमुक्त झाला की निधी. बाईंनी सगळ्यांत वाईट भाग निवडला, कारण अभ्यासात हुशार असलेली माणसं तसंच करतात. त्याच भागात उताराची गल्ली होती.

"तुमच्या कानावर माझी सगळी भिस्त आहे," बाई कानवाल्याला समोर उभ्या राहून, स्वच्छ ओठांनी म्हणाल्या.

"खाली ओल आहे," कानवाला म्हणाला.

बाई प्रभावित झाल्या.

काम धडाक्यात सुरू झालं. कानवाला बोट दाखवी, कुदळ्या खणी, पाणी निघे, जोड बसे. रस्ते इतके खणले गेले की पोस्टमन वाट चुकून परत आपल्याच घरी पत्रं टाकू लागला. मीटरचा मेळ जवळ जवळ येत गेला आणि एका जागी येऊन अडला. अजूनही बदाबदा पाणी कुठेतरी जात होतं.

"एकच मोठी गळती राहिली आहे," बाई म्हणाल्या. "कुठे?"

सगळ्यांनी कानवाल्याकडे पाहिलं. दुपार झाली होती. पोटात कावळे कोकलत होते, आणि तेवढे मात्र त्याला स्पष्ट ऐकू येत होते. तो सरळ उताराच्या गल्लीत शिरला, ताईच्या दारासमोर कांडी टेकवली, डोळे मिटले, आतून फोडणीचा वास येतोय याची खात्री करून घेतली आणि म्हणाला, "इथे."

कुदळ्या खणू लागला. ताई ओले हात पुसत दारात आली. वरच्या अंगाचा न्हावी अर्धी दाढी झालेल्या गिऱ्हाइकाला तसंच ठेवून बाहेर आला. फेसाळ गिऱ्हाईकही मागोमाग आलं.

माती कोरडी होती.

कुदळ्याने आणखी खणलं. कोरडीच. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच कोरडं! कुदळ्या कमरेइतका आत गेला, मग खांद्याइतका, मग नुसतं डोकं राहिलं. ते डोकं वर झालं, कानवाल्याकडे वळलं आणि म्हणालं, "पाईप नाही."

"गळती नाही?"

"गळतीचं सोडा हो. पाईपच नाही."

"असं कसं? खोल असेल."

"कानवाले, मी आता ज्या मातीला लागलोय तिला अजून माणसाचा हात लागलेला नाही. याच्या खाली फक्त पाताळ आहे."

त्यांनी वर खणलं, खाली खणलं, गल्ली आडवी कापली. पाईप नव्हता. बाईंनी नकाशा उघडला. नकाशात गल्लीच्या मधोमध जाड निळा पाईप होता, वाटेत दोन व्हॉल्व्हसुद्धा होते. बाईंनी नकाशाकडे पाहिलं, खड्ड्याकडे पाहिलं आणि नकाशा उलटा धरून पाहिला.

आणि ताईचा नळ चालू होता. आतल्या टाकीत चादरींवर धो धो पाणी पडत होतं. कानवाल्याला ते दिसत होतं, बाकीच्यांना ऐकूही येत होतं. शेवटी फेसाळ गिऱ्हाईक म्हणालं, "मग हे येतंय कुठून?"

तेव्हा त्यांनी उलटीकडून सुरुवात केली. ताईच्या नळापासून नळी उकरत निघाले. नळी भिंतीतून खाली गेली, गटाराच्या कडेने उतार चढून वर वर जात राहिली. वाटेत न्हाव्याची नळी तिला येऊन मिळाली, मग समोरच्याची, मग सगळ्यांच्याच. सगळ्या एकमेकींना खेटून वर चालल्या होत्या. गल्लीच्या तोंडाशी, मोठ्या रस्त्याला लागून, एक फरशी होती. तिच्यावर रोज एक माणूस केळी विकायला बसायचा. त्याला उठवून फरशी सरकवली.

खाली विटांनी बांधलेला जुना हौद होता. काळंशार, गार पाणी काठोकाठ. आणि गुरं ओळीने तोंड घालून उभी असावीत तशा गल्लीतल्या सगळ्या घरांच्या नळ्या त्या हौदात तोंड बुडवून होत्या.

केळीवाला म्हणाला, "तरीच बूड गार पडायचं."

गोष्ट उघड होती. कधीकाळी एका ठेकेदाराने गल्लीत पाईप टाकल्याचे पैसे घेतले होते आणि दिसेल तेवढंच काम केलं होतं. म्हणजे घरातले नळ, नळाशेजारी मीटर. न दिसणाऱ्या कामासाठी त्याने हा हौद वापरला. हौदात पाणी येत होतं मोठ्या रस्त्याच्या बाजूच्या विटांतून, झिरपून, सतत. रस्त्याखालची मोठी वाहिनी कुठेतरी फुटलेली होती. ती फूट अख्खी गल्ली पाजत होती, आणि उरलेलं पाणी हौदाच्या पलीकडून नाल्याला जात होतं. हीच ती शेवटची मोठी गळती. गल्ली उताराची, म्हणून नळाला जोरही चांगला. शहरात सगळीकडे पाणी ठरावीक वेळी यायचं. उताराच्या गल्लीत दिवसभर. लोक म्हणायचे, कानवाल्याचा वशिला.

ताई हौदाच्या काठावर उकिडवी बसली होती. तिचे ओठ कानवाल्याला नीट दिसत होते.

"म्हणजे मी प्यायले म्हणून पाणीपट्टी भरली," ती सावकाश म्हणाली, "आणि तेच पाणी गळलं म्हणून गळती आकारही भरला. एकाच पाण्याचे दोन्ही?"

बाईंनी नकाशाची गुंडाळी केली. "हो," त्या म्हणाल्या. "तक्रार करता येईल तुम्हाला. पण मग विभाग विचारेल, पाईप नसताना पाणी घेतलंत कुठून?"

"मग?"

"मग ती चोरी होते."

न्हावी मटकन खाली बसला. फेसाळ गिऱ्हाइकाने त्याला वारा घातला.

बाई मनाने चांगल्या होत्या. त्या तडक कचेरीत गेल्या आणि गल्लीसाठी पाईप मागितला. दुसऱ्या दिवशी त्या परत आल्या तेव्हा एकदम थोराड दिसत होत्या. नकाशावर पाईप आहे, आणि असलेला पाईप पुन्हा टाकता येत नाही. बरं, मग दुरुस्ती मागितली. दुरुस्ती करायला जागेवर पाईप लागतो, आणि तो तिथे नाही. टँकर मागितला. ज्या गल्लीत चोवीस तास पाणी आहे तिला टँकर कसा देणार?

"आणि ती फूट तर बुजवावीच लागेल," बाई म्हणाल्या. "नाहीतर निधी जातो. निधी गेला तर पाईप कधीच नाही."

"आणि बुजवली तर?" ताईने विचारलं.

"तर पाणी लगेच जातं," बाई प्रामाणिकपणे म्हणाल्या. "पाईप नंतर."

"किती नंतर?"

बाईंनी आजूबाजूला पाहिलं. "बघतो म्हणाले."

त्या संध्याकाळी ताईने कानवाल्याला समोर बसवलं. "फूट कुठे आहे ते तुलाच शोधायला सांगणार ना?"

"हो."

"शोधू नकोस." ती कधी असं मागत नसे. तिचे लाल हात मांडीवर उताणे पडले होते. "माझ्या या चादरी, हे दुकान... तुझी नोकरी कळते मला. पण एकदाच. ऐकू आलं तरी म्हण, आलं नाही."

हे वचन पाळणं इतकं सोपं होतं की कानवाल्याला रडू आलं. आता सांगून टाकावं असं त्याला वाटलं. पण ताई इतक्या विश्वासाने बघत होती, की त्याने नुसती मान हलवली.

सकाळी मोठ्या रस्त्यावर सगळा लवाजमा जमला. कानवाल्याने रात्रभर विचार केला होता. आयुष्यात पहिल्यांदाच त्याला अशी जागा हवी होती जिथे काही नाही. गल्लीपासून तो चालत लांब गेला. रस्ता ओलांडला. पलीकडे नव्या बँकेसमोर फरसबंदी होती, नवीकोरी, कोरडी, तापलेली. नकाशात त्या जागी कोणताच पाईप नव्हता. तिथे फक्त उत्तर दिशा दाखवणारा बाण होता. बाणातून पाणी गळत नाही. कानवाल्याने वाटीला कान लावला आणि बहिरा झाल्यापासून पहिल्यांदाच मनापासून डोळे मिटले.

"इथे," तो म्हणाला.

कुदळ्याने फरशी उचकटली आणि एक घाव घातला.

पाणी बँकेच्या पाटीपर्यंत उडालं. कुदळ्या मागे फेकला गेला. बाईंच्या हातातला नकाशा भिजून त्याचा निळा रंग रस्त्यावर उतरला. वाहिनी नकाशात कुठेही असो, प्रत्यक्षात ती इथे होती आणि पुरुषभर फाटलेली होती. लोकांनी टाळ्या वाजवल्या. कुदळ्याने चिखलात बसूनच कपाळाला हात लावला. "कानवाले," तो म्हणाला, "तुम्ही माणूस आहात की भूत?"

कानवाला कांडीला धरून उभा होता म्हणून पडला नाही. त्याचं तोंड उघडं होतं आणि त्यात फवारा पडत होता.

दुपारपर्यंत फूट बुजली. मीटरचा मेळ बसला. भाग गळतीमुक्त जाहीर झाला.

हौद एकदम आटला नाही. आधी नळाची धार करंगळीएवढी झाली, मग दोऱ्याएवढी, मग नळ नुसतेच उसासे टाकू लागले. ताईच्या टाकीत लॉजच्या चादरी साबण लावलेल्या अवस्थेत तशाच राहिल्या आणि वाळून पापडासारख्या कडक झाल्या. लॉजवाल्याने त्या उभ्याच परत नेल्या. न्हावी गिऱ्हाइकांना घरून पाणी आणायला सांगू लागला. आणि ताई भावाशी बोलेना. निदान त्याला तसं वाटत होतं. ती पाठमोऱ्या त्याला काय काय बोलली ते त्याला कुठून कळणार?

ज्या दिवशी हौदाचा तळ दिसला, त्या दिवशी कानवाला काठावर उभा राहून आत बघत होता. तळाशी चिखल, आणि वर लोंबणाऱ्या कोरड्या नळ्या. मागून ताई आली. तिने हाक मारली. तो वळला नाही. तिने पुन्हा हाक मारली, मग शिवी दिली, मग आईची शपथ घालून हाक मारली. कानवाला ढिम्म. ताईच्या डोक्यात तिडीक गेली. तिने हातातली रिकामी लोखंडी बादली त्याच्या पाठीमागे फरशीवर सगळ्या ताकदीने आपटली.

न्हाव्याचा वस्तरा घसरला. कबुतरं उडाली. केळीवाल्याने केळी टाकून छातीला हात लावला. बँकेतला पहारेकरी धावत रस्त्यावर आला.

कानवाला हौदात बघत उभा होता. एक पाय खाजवत होता.

ताईने बादली तिथेच सोडली. ती हळूहळू चालत वळसा घालून त्याच्या समोर आली आणि तिने त्याच्या तोंडाकडे बघितलं, लहानपणी तापात बघायची तसं.

"केव्हापासून?" तिने विचारलं.

तीन उत्तरांतलं एकही उपयोगाचं नव्हतं. "चप्पल भिजली तेव्हापासून," तो म्हणाला, आणि मग सगळंच सांगितलं. झाडाचा बुंधा, घड्याळ, जेवणाची वेळ, सगळं. ताई पालथ्या बादलीवर बसून ऐकत होती.

"आणि बँकेसमोर?"

"तिथे काही नसणार म्हणूनच दाखवलं गं. तुझ्यासाठी."

ताई म्हणाली, "मेल्या, अख्ख्या शहरात एक कोरडी जागा नव्हती का रे?"

"होती. तुझ्या दारात होती."

ती हसली की रडली ते त्याला कळलं नाही. दोन्हीला ओठ सारखेच हलतात.

त्याने बाईंनाही सांगितलं. बाईंनी नियम पाहिले. ऐकू येणारा माणूस नेमला तर कामगिरीचं प्रमाण घसरेल, सबब कानवाल्याला काढता येणार नव्हतं. त्याला आणखी एक घड्याळ मिळालं. निधीही आला आणि गळतीमुक्त भागाच्या उद्घाटनाचा फलक लावण्यात संपला. महिन्याने ताईला बिल आलं. पाणीपट्टी सरासरीने लावलेली, कारण मीटर हलत नव्हतं. त्याखाली गळती आकार रद्द करून नवी ओळ छापली होती: गळतीमुक्ती आकार.

ताईने ते वाचलं आणि भावाला कागद आणायला सांगितलं. कचेरीची भाषा त्याला येत होती. ताईने सांगायचं, त्याने लिहायचं. बाईंनी अर्ज दोनदा वाचला.

"हे मंजूर होणार नाही हो," त्या म्हणाल्या.

"माहीत आहे," ताई म्हणाली. "पण नोंद तर होईल. तुमच्यात नोंद नाही ते घडतच नाही ना?"

तो अर्ज असा:

"प्रति, मा. प्रमुख, पाणी विभाग. विषय: एक गळती मिळण्याबाबत. महोदय, सदर गल्लीस पूर्वापार गळतीद्वारे नियमित व समाधानकारक पाणीपुरवठा होत होता व त्याचा मोबदला रहिवाशांनी दोन्ही शीर्षकांखाली वेळच्या वेळी भरलेला आहे. आपल्या विभागाच्या प्रशंसनीय कामगिरीमुळे सदर पुरवठा खंडित झाला आहे. तरी कृपावंत होऊन सदर गल्लीस मध्यम आकाराची एक गळती, शक्य तितकी मूळ जागेजवळ, तातडीने मंजूर करण्यात यावी व तिची देखभाल विभागाने आजवर केली तशीच, म्हणजे न करता, करावी. मंजूर गळती शोधण्यासाठी कोणासही पाठवू नये. पाठवणे अपरिहार्यच असल्यास ज्यास उत्तम ऐकू येते असाच कर्मचारी पाठवावा, ही नम्र विनंती."